मोजा न काढण्याची परीक्षा

ध्रुवावर संशोधनाला जाणाऱ्या तुकड्यांना सामान पुरवणं आणि शिस्त लावणं हे माझं काम. बारा वर्षांत अकरा तुकड्या पाठवल्या. स्वतः मात्र या गोदामापलीकडे गेलेलो नाही, आणि मला जायचंही नाही. थंडी मला मानवत नाही.

या खेपेला चौघे होते: प्रमुख, डॉक्टर, मेकॅनिक आणि बर्फाचे नमुने काढणारी माझी भाची. ती तीन वर्षं यासाठी झुरत होती. दोनदा निवड थोडक्यात हुकली होती, आणि आता निघायला नऊच दिवस उरले होते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गेल्या आठवड्यात माझ्या घरी येऊन बसली. काहीतरी खुसपट काढ आणि पोरीला मागे ठेव, म्हणे. असले धंदे मला जमणार नाहीत, असं मी तोंडावर सांगितलं. ती चहा न घेताच गेली.

शेवटची परीक्षा कोल्ड रूममध्ये असते. उणे तीस, समोर मोठा पंखा, आणि वीस मिनिटांत तंबू उभा करून स्टोव्ह पेटवायचा. नियम एकच, हातमोजा काढायचा नाही. काढला की नाव कटलं. तिकडे थंडीने बोट गेलं तर जवळचा दवाखाना विमानाने दोन दिवसांवर, तेही हवा बरी असली तर. मी काचेतून बघतो आणि वहीत लिहितो.

तंबू झकास उभा राहिला. स्टोव्हच्या टाकीचा स्क्रू मात्र आट्यात बसेना. मेकॅनिक खटपट करून वैतागला आणि दोर ओढायला उठला. भाची पुढे झाली, उजवा मोजा दातांनी ओढला, बोटांनी स्क्रू बसवला आणि मोजा परत चढवला. सहा-सात सेकंदांचं काम. बाकीच्यांची पाठ होती. मिनिटभरात स्टोव्ह पेटला आणि प्रमुखांनी मला अंगठा दाखवला.

ही खोड तिला मीच लावली. सायकल खोलायला शिकवताना मी म्हणायचो, आटे डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना कळतात. मोठा शहाणा लागून गेलो होतो. स्वतःचाच इतका राग आला की पाच मिनिटं नुसता पेन धरून बसलो. मग लिहिलं.

बाहेर येऊन तिने वही वाचली आणि तिचा चेहरा पडला.

"आईने सांगितलं ना तुला?"

सांगितलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, असं मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. एवढ्याशासाठी कशाला, म्हणून प्रमुख मध्ये पडले. त्यांना मी गप्प बसवलं.

"मामा, मी मोजा काढलाच नाही. शपथ."

ती खोटं बोलत नव्हती. या पोरीला खोटं बोलता येतच नाही. मी तिचा उजवा हात दिव्याखाली धरला. अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं टोक पांढरं पडलं होतं, अंगठ्याची थोडी कातडी सोलून निघाली होती. डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली. तिला कळलंच नाही.

तिने ती दोन्ही टोकं डाव्या हाताने दाबून पाहिली.

"कधी काढला मी?" तिने हळूच विचारलं.

"सतराव्या मिनिटाला."

तिने वही माझ्या हातातून घेतली आणि नोंदीखाली डाव्या हाताने सही केली.