चैत्रात बुडवायची नाव

मी कौंडण्यपूरच्या घाटावरची नाव बोलतेय. लाकूड काय बोलणार म्हणून हसू नका. तीस वर्षं माणसांची बडबड निमूट ऐकलीय मी, आता जरा माझीही ऐका.

मी मेळघाटातलं सागाचं लाकूड. परतवाड्याला चिरलं गेलं आणि वर्धा नदीवर येऊन नाव झालं. पहिल्या मालकानं दहा वर्षं माझ्यातून लोकांची ने-आण केली आणि मग मला गोठ्यात नेऊन टाकलं. नदीवर मिरवलेली मी, आणि माझ्यात बैल कडबा खायचे! असा संताप यायचा, पण सांगणार कोणाला?

त्रेपन्न साली डोमाजी भोयानं मला पाहिलं. घाटावरच्या निंबाखाली तो जुन्या नावा दुरुस्त करायचा. लांबलांबच्या गावांहून मोडक्या नावा बैलगाडीवर घालून त्याच्याकडे यायच्या. त्यानं माझ्या बुडाला बोटानं टकटक केलं अन् म्हणाला, "मेली नाई हे. झोपली हाये."

चार महिने तो माझ्यात राबला. कुजक्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, फटींमध्ये राळ आणि जवसाच्या तेलात भिजवलेला कापूस ठोकून ठोकून भरला. त्याची बायको पंचफुला हिनं मला हळदकुंकू लावलं. त्या कार्तिकात जत्रेची माणसं मी भरभरून या काठाला आणली. काय ऐट होती माझी!

डोमाजीचा एक नेम होता. चैत्र लागला की तो माझ्यात दगड भरायचा आणि मला डोहात बुडवून ठेवायचा. नवखे लोक म्हणायचे, हा येडा झाला की काय! पण उन्हात लाकूड आटतं, फटी उघडतात. पाण्याखाली ते फुगलेलं राहतं. पावसाच्या तोंडावर तो मला वर काढायचा, तेव्हा मी ठणठणीत असायची.

एकसष्टच्या माघात डोमाजी तापानं गेला. त्याची राख याच डोहात सोडली. चैत्रात त्याचा धाकटा भाऊ बुधाजी दगड घेऊन आला, तर पंचफुला माझ्यापुढे आडवी उभी.

"वयनी, बुडवा लागते तिले. तुमाले का हे सांगा लागते?"

"मले ठाव हाये. पन एकाले या डोहात सोडून आली मी. आता इले नाई सोडत."

बुधाजीनं दगड काठावरच टाकले. मला निंबाखाली ठेवलं. पंचफुला रोज मला पुसायची, टेकून बसून रडायची. मला ते गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण वैशाखात माझं अंग तडतडत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं.

श्रावणात पलीकडच्या काठावरून हाका आल्या. पंचफुलाची लेक मैना तिकडे दिलेली. बाळंतपणात दोन दिवसांपासून अडली होती आणि आईला बोलवत होती. नदी दुथडी, आणि घाटावर नाव म्हणजे मी एकटीच. पंचफुला चढली, बुधाजीनं वल्हं हाती घेतलं. मधल्या धारेपर्यंतही पोचलो नाही, तोच फटींतून पाणी घोट्याला लागलं. ती ओंजळीनं उपसत होती अन् म्हणत होती, "चाल माय, चाल!" मला चालता येईना. बुधाजीनं मला माघारी वळवलं, तेव्हा ती त्याच्या हातातलं वल्हं ओढत होती.

पूर उतरायला तीन दिवस लागले. तोवर मैनाही गेली होती आणि तिचं बाळही.

पुढच्या चैत्रात दगड पंचफुलानं स्वतः आणले. पण माझ्या फळ्या उभ्या चिरल्या होत्या, त्या पाण्यानं जुळत नसतात. ती भोयाची लेक, तिला हे कळत नाही का? तरी ती दर चैत्रात मला बुडवते, दर ज्येष्ठात वर काढते. चिरांमध्ये कापूस ठोकते, बोटं ठेचून घेते आणि मला पाण्यात ढकलून बघत उभी राहते. पाणी आत येतंच. सहा वर्षं झाली. माझ्यात आता कोणी बसत नाही.

आज पुन्हा काठावर दगड जमवलेत तिनं. पंचफुले, तुझ्यावर राग नाही गं माझा. मला पलीकडे नेता आलं नाही तुला, तेवढं माफ कर. आणि या ज्येष्ठात मला वर काढू नकोस.