मी डावी बाजू सांगणारा

नखाएवढा, शिशाचा आणि आता चांगलाच जुना, असा मी एक इंग्रजी ‘एल’ आहे, ‘लेफ्ट’मधला, मित्रांनो. हसू नका. एक्स-रेचे किरण शिशातून आरपार जात नाहीत, म्हणून फोटोत माझी पांढरी सावली उमटते. ती जिथे, ती माणसाची डावी बाजू. काम एवढंसं, पण त्यात हयगय झाली की अनर्थ!

मला साच्यात ओतलं, पट्टीवर चिकटवलं आणि इस्पितळात फोटो काढणाऱ्या ताईंच्या हाती दिलं. किती बरगड्या पाहिल्या, विचारू नका. “हा माझा साक्षीदार,” असं ताई नव्या मुलींना सांगायच्या आणि मी पट्टीवरच फुगायचो. मग कॉम्प्युटर आला. फोटो काढून झाल्यावर अक्षर टाइप करायची सोय झाली. मी खणात, तुटक्या क्लिपांच्या शेजारी जाऊन पडलो. ताईच तेवढ्या मला अजून बाहेर काढत.

एका सकाळी आई आणि मामाबरोबर छोटी भिंगरी आली. खरं नाव कुणी घेतच नव्हतं. नावाची भिंगरी, पण जिना चढली की ओठ जांभळे. आईच्या तोंडचं पाणी पळालेलं. मामा मात्र उगाच विनोद करत होता. फोटोत चोरून खाल्लेली बिस्किटं दिसतात म्हणाला. भिंगरीनं आईकडे बघत दोन बोटं दाखवली, मग हळूच तिसरं.

ताईंनी मला तिच्या डाव्या खांद्यापाशी ठेवून फोटो काढला. पडद्यावर चित्र आलं. हृदय माझ्या बाजूला नव्हतंच! ते पलीकडे उजवीकडे होतं आणि त्याचं टोकही तिकडेच वळलेलं.

शेजारचा सहकारी म्हणाला, “ताई, एल चुकीच्या बाजूला पडला. फोटो उलटवा आणि त्याला पुसून टाका. एक बटण तर दाबायचंय.”

बाहेर रांग वाढत होती. ताईंचं बोट बटणावर गेलं. माझा जीव टांगणीला लागला. फोटोत हृदय डावीकडे आलं असतं, पण भिंगरीच्या छातीत ते उजवीकडेच राहिलं असतं. पुढे ज्याच्या हाती हा फोटो जाणार, तो चकणार. आणि मला तर तोंडच नाही.

ताई थांबल्या. उठून भिंगरीजवळ आल्या आणि तिच्या छातीवर तळहात ठेवला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. भिंगरीला गुदगुल्या झाल्या.

“एल बरोबर आहे,” ताई म्हणाल्या. “हिचं हृदयच इकडे आहे.”

हृदयाचे डॉक्टर धावत आले. पोटातल्या हवेचा काळा फुगा माझ्याच बाजूला होता. म्हणजे पोट जागच्या जागी, हृदय तेवढं फिरलेलं. सगळंच आरशातल्यासारखं उलटं असतं तर काळजी कमी होती, असं ते आईला म्हणाले. एकटं हृदय फिरलं की आतले कप्पे नीट तपासावेच लागतात. तपासल्यावर कळलं, वरचे दोन कप्पे आपापल्या जागी होते, पण खालच्या दोघांची अदलाबदल झाली होती. त्यांच्या मधल्या पडद्याला भोक होतं आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद होती.

“माझ्या हातून काही चुकलं का?” आईनं विचारलं.

“नाही हो. घडतानाच ते तसं घडलंय. आता आपण वाट मोकळी करू.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी माझी सावली फोटोबरोबर आत गेली आणि मी खणात तळमळत राहिलो. खण उघडला की धस्स व्हायचं. कुणीतरी नुसतं पेन काढायचं!

अखेर ताईंनी मला उचललं. चाकांवरच्या एक्स-रे मशीनबरोबर वॉर्डात नेलं आणि नळ्यांच्या गुंत्यातून एका खांद्याखाली सरकवलं. खांदा उबदार होता.

“गार लागतंय हे,” भिंगरी कुरकुरली. तिचे ओठ गुलाबी होते. मामाला मात्र एकही विनोद सुचत नव्हता, तो नाक पुसत उभा होता.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या फोटो काढेल, कुणी तो वाचेल. मला आधी ठेवा, मग बटण दाबा. आणि फोटो नेहमीसारखा दिसला नाही, तर मला पुसण्याआधी उठून त्या माणसापर्यंत जा. चार पावलं तर असतात.