बुडणारा सीझर, पोहणारा सीझर

भिवंडीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या पूर्वाला विद्युल्लता मॅडमनी प्रकल्प दिला होता: रोमचा सीझर नाटकात कसा दिसतो आणि जुन्या चरित्रात कसा, हे ताडून पाहायचं. पूर्वा पडघ्याजवळच्या पाड्यावर राहायची. कॉलेज सुटलं की मानकोलीच्या गोदामात पॅकिंगची ड्युटी करायची आणि घरी परतताना बसमध्ये वाचायची. वाचता वाचता ती एका जागी अडली. नाटकातला सीझर पैज मारून नदीत उतरतो आणि बुडायला लागल्यावर सोबत्याला हाका मारतो. चरित्रातला सीझर मात्र शत्रूच्या माऱ्यातून पोहत निसटतो, तेही एका हातात कागदांचा गठ्ठा पाण्याबाहेर धरून.

तिनं हे धाकल्याला, म्हणजे तिच्या बापाला, सांगितलं. अंगणात जाळं दुरुस्त करत बसलेल्या धाकल्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"नाटकात ती बुडायची गोष्ट सांगतंय कोन?"

"तोच सोबती. मनातून जळतोय त्याच्यावर. पुढं सीझरला मारायच्या कटात तोच असतो."

"मंग त्यो चांगलं कशापायी सांगंल?"

पूर्वानं तो प्रसंग पुन्हा उघडून वाचला. खरंच, तो प्रसंग रंगमंचावर घडतच नव्हता. एक माणूस दुसऱ्याचे कान भरत होता, एवढंच.

वर्गात तिनं हे मांडलं, तेव्हा मॅडम खूश झाल्या. तिच्या वर्गातला मिहिर मात्र ऐकेना. गॅदरिंगच्या नाटकात सीझर तोच करणार होता. त्याचं म्हणणं, नाटकवाल्याला खोटं ठरवायचं तर चरित्रवाल्यालाही सोडू नये; एका हातानं पोहायचं आणि कागद सांभाळायचे, ही निव्वळ थाप आहे. पूर्वा लहानपणापासून भातसा नदीत पोहत आलेली, पण कागद घेऊन कधी उतरली नव्हती. तिनं त्याला रविवारी पाड्यावर बोलावलं.

मिहिर मोबाइल घेऊन काठावर उभा राहिला. पूर्वानं प्रकल्पाचे सात कच्चे कागद उजव्या हातात धरले आणि पाण्यात शिरली. मध्यावर पोचेपर्यंत खांदा भरून आला. नाकातोंडात पाणी गेलं, हात दोनदा खाली आला. तरी ती थांबली नाही. पलीकडच्या खडकावर चढून तिनं कागद मोजले. तीन कोरडे, चार भिजलेले. तिला हसू आवरेना. इकडे मिहिर शूटिंग करायचंच विसरून गेला होता.

प्रकल्पाच्या शेवटी तिनं लिहिलं: 'नाटककारानं वैऱ्याला बोलू दिलं, म्हणून सीझर बुडाला. चरित्रकाराला त्याचं कौतुक होतं, म्हणून तो कागद घेऊन पोहला. मी स्वतः पोहून पाहिलं. पोहता येतं, पण सातातले चार कागद भिजतात. चरित्रकार ते सांगत नाही.'

मॅडमनी तो भाग वर्गात मोठ्यानं वाचायला लावला आणि ते चार सुरकुतलेले कागदही प्रकल्पाला जोडून घेतले.

पुढच्या रविवारी मिहिर पुन्हा पाड्यावर हजर झाला. त्याला पोहताच येत नव्हतं, हे त्यानं आता कुठं कबूल केलं. धाकल्यानं त्याच्या पाठीला रिकामा कॅन बांधला, त्याला कमरेइतक्या पाण्यात नेलं आणि पोटाखाली हात धरून म्हणाला, "भिऊ नको, सीझर. पाय हलव."