जहराची अबरार

पंधरा वर्षांच्या लुलुवाला कुवेतमधल्या तिच्या शाळेत मैत्रीण अशी नव्हतीच. मुली तोंडावर ‘ढब्बी’ म्हणायच्या. रक्तातली साखर वाढतेय, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा तिच्या आईने, हेसाने, तिचं नाव एका ऑनलाइन व्यायामवर्गात घातलं.

सुरुवातीला पडद्यावरची बाई उड्या मारायची आणि लुलुवा पलंगावर बसून बघायची. मग वर्गाने तिला एक जोडीदारीण दिली. अबरार. कुवेतमधल्याच जहरा शहरात राहणारी, हिच्याच वयाची, हिच्यासारखीच जाड. भेट नाही, फोटो नाही, नुसते फोनवरचे निरोप.

“उठलीस का गं? मी एकटीनेच घाम गाळू?”

“माझे गुडघे बोंबलतायत.”

“माझे कधीच मेलेत. चल, ऊठ!”

लुलुवा हसत उठायची. उन्हाळाभर ती मॉलमध्ये चालली, ऊन उतरल्यावर समुद्रकाठी. अंगातला जडपणा ओसरू लागला. कुणाला न सांगितलेलं ती अबरारला सांगू लागली. मावसबहिणीच्या लग्नात आईने तिला फोटोत मुद्दाम सगळ्यांच्या मागे उभं केलं होतं, तेही. अबरारने लिहिलं, “तुझी आई चुकली.” लुलुवा त्या दिवशी पोटभर रडली आणि दुप्पट चालली.

वर्ग संपल्यावर हॉटेलात समारंभ होता. अबरारसाठी अत्तराची कुपी घेऊन लुलुवा प्रत्येक मुलीला नाव विचारत फिरली. शेवटी संचालिकेलाच गाठलं.

“अबरार आली नाही का, बाई?”

“अगं, ती खरी मुलगी नाही. ते निरोप संगणक लिहितो. त्याने मुली टिकतात.”

गाडीत बसल्यावर लुलुवाने आईला विचारलं, “युम्मा, तुला ठाऊक होतं?”

“हो, नाव घालतानाच सांगितलं होतं त्यांनी. वजन उतरलं ना तुझं? मग रडतेस कशाला?” हेसाची नजर रस्त्यावरच होती. “आणि त्या लग्नातल्या फोटोचं म्हणशील, तर लोकांनी हसू नये म्हणूनच मागे उभं केलं तुला.”

लुलुवाचं रडं एकदम थांबलं. तो फोटो मनाला लागल्याचं तिने फक्त अबरारला सांगितलं होतं.

“तू वाचत होतीस?”

“आईने नाही वाचायचं तर कुणी?”

घरी येऊन तिने चालायचे बूट कपाटात टाकले, ते परत घातलेच नाहीत. हिवाळ्यात वजन पुन्हा चढलं. “एवढं केलं पोरीसाठी, पण तिलाच जिद्द नाही,” हेसा पाहुण्यांना सांगायची. लुलुवा समोर बसून ऐकायची, आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची.