माझ्या काठावरची टकटक

मी एक जुना बिडाचा हंडा आहे. तीन पायांचा, गोल पोटाचा आणि स्वभावाने घाबरट. मित्रांनो, एवढा जड आणि काळाकुट्ट हंडा घाबरतो म्हटल्यावर तुम्हांला हसू येईल. पण आम्हां बिडाच्या भांड्यांची जातच तशी आहे. लोखंडाची कांब वाकते, पितळेला पोचा पडतो, ॲल्युमिनियम चेपतं आणि तरी चालतं. बीड एक तर अखंड असतं, नाही तर तडकलेलं. मधलं काही नाही. म्हणून माझा जीव कायम टांगणीला लागलेला असतो.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. साच्याचे दोन भाग जिथे जुळले, तिथली शिवण अजून माझ्या पोटावर हाताला लागते. एक पाय मुळातच आखूड राहिला, त्यामुळे मला चुलीवर ठेवताना त्याखाली चपटा दगड सरकवावा लागतो. सोन्याच्या खाणीत राबून गावी परतणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतलं आणि स्टेशनपासून त्सोलो या त्याच्या गावच्या डोंगरापर्यंत खांद्यावरून आणलं. वाटेत तो जितक्या वेळा ठेचाळला, तितक्या वेळा मी मनातल्या मनात फुटलो.

त्याच्या बायकोने मला मेंढीच्या शेपटीची चरबी पाजली. चरबी चोळायची, विस्तवावर तापवायचं, निववायचं, पुन्हा चोळायचं. असं करत करत माझ्या अंगावर काळा, गुळगुळीत थर चढला. हा थर म्हणजे माझी कातडी. तो असला की मला गंज चढत नाही, अन्न चिकटत नाही, मक्याला लोखंडाची चव येत नाही. लग्न असो, मयत असो, मुलगा पुरुषपणाची दीक्षा घेऊन डोंगरावरून परत आलेला असो, कांडलेला मका आणि घेवडा माझ्याच पोटात शिजायचा.

पुढे मी तिच्या सुनेच्या हाती आलो. तिच्या माहेरच्या कुळावरून तिला सगळे माम्भेले म्हणतात. माम्भेलेची एक सवय होती. चुलीवर चढवण्याआधी ती लाकडी डाव घेऊन माझ्या काठावर टकटक करायची आणि कान द्यायची. 'ठण्ण' असा लांब आवाज आला की मी अखंड. 'थप' आला की संपलं. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण कान शाबूत आहेत. शेजारची नोसाखेले जुना हंडा विकत घ्यायला निघाली, तेव्हा तिला माम्भेले म्हणाली होती, "गंज बघून घाबरू नकोस, गंज घासला की जातो. आधी वाजवून बघ. मग विचार, यात कुणी बॅटरीचं शिसं तर वितळवलं नव्हतं ना? तसं असेल तर फुकट दिला तरी घेऊ नकोस. विष आहे ते."

दर टकटकीला माझ्या मनात एकच प्रश्न यायचा. या वेळी 'थप' आला तर? आमच्या भागात पिकअप घेऊन भंगारवाला फिरतो. त्याच्या गाडीत तडकलेले हंडे उपडे पडलेले मी पाहिले आहेत.

मग या घरात धाकट्या मुलाची बायको आली, झान्यीवे. आमच्याकडे नवी सून आली की सासरचे तिला नवं नाव देतात. ते जन्मभर चिकटतं. पण ती आली आणि महिन्याभरात सासरा, ज्याला सगळे आदराने ताता झोलिले म्हणत, वारला. दुःखात नाव देणं राहिलं. माम्भेले म्हणाली, "त्यांच्या कबरीवर दगड उभा राहील, त्या दिवशी देऊ." दगड उभा करायला वर्ष गेलं. वर्षभर बिचारी बिननावाची वावरली. तिला नुसती 'माकोटी' म्हणायचे, म्हणजे सूनबाई. पाठीमागे लोक काय कुजबुजत असतील, ते तुम्हीच ओळखा.

आमच्याकडे सुनेची परीक्षा भांड्यांवर होते. ॲल्युमिनियमची पातेली घासून आरशासारखी करायची आणि फळीवर ओळीने मांडायची. येणारी प्रत्येक बाई आधी फळीकडे बघते, मग सुनेकडे. झान्यीवेची फळी लखलखत होती. तिच्या डोळ्यांत खुपत होतो तो मी एकटा, कोपऱ्यातला काळा.

दगडाचा दिवस जवळ आला. त्याआधीच्या रविवारी घरातले सगळे चर्चमध्ये गेले होते. झान्यीवेने मला ओढ्यावर नेलं. वाळू, धुण्याचा सोडा आणि तारेची घासणी घेऊन ती बसली. तिला वाटलं, वर्षानुवर्षांचा मळ आहे, कुणी घासलाच नाही. मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर ओढ्याच्या पलीकडे ऐकू गेलं असतं! दोन सासवांनी चढवलेली माझी कातडी पाण्यावर काळे तवंग होऊन वाहून गेली. ती मात्र खुशीत गाणं म्हणत होती. करडा, उघडा झालेला मी तिला सुंदर दिसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारिंगी झालो होतो.

झान्यीवेचं धाबं दणाणलं. तिने तोंडावर हात दाबला. मग गंज जाळावा म्हणून तिने घरामागे मला रिकामाच पेटत्या लाकडांवर ठेवला. मी तापत गेलो. पोटात ना पाणी, ना चरबी. तेवढ्यात माम्भेलेची काठी वाजत जवळ येऊ लागली. झान्यीवे घाबरली आणि आग विझवायला तिने बादली उपडी केली. गार पाण्याचा सपकारा माझ्या तापलेल्या पोटावर बसला. चर्रर्र! आणि त्या आवाजात एक बारीक 'टिक' ऐकू आला.

तो 'टिक' माझा होता की विझणाऱ्या लाकडाचा? मला कळलं नाही. मी वाफेत उभा होतो आणि मला स्वतःचंच अंग समजत नव्हतं.

"धूर कसला गं?" माम्भेलेने विचारलं.

"कचरा जाळत होते, आई."

माम्भेले गेल्यावर झान्यीवेने मला चरबी आणि काजळी फासली. वरून मी पुन्हा काळा दिसू लागलो, पण ते नाटकातल्या राजाच्या मिशीसारखं होतं. मग तिने बोट वाकवलं, माझ्या काठापर्यंत आणलं आणि मागे घेतलं. तिलाही तो 'टिक' ऐकू आला होता. वाजवून बघण्याची तिची छाती झाली नाही. खरं सांगतो, तिने वाजवू नये असंच मलाही वाटत होतं. जोवर कळत नाही, तोवर मी अखंड होतो.

त्या आठवड्यात थोरला मुलगा वुयिसिले शहरातून आला. गाडीतून त्याने एक नवाकोरा हंडा उतरवला.

"बघ आई! दुकानातला सगळ्यात मोठा. आता त्या जुन्या धोंड्याला भंगारात दे. लंगडा कुठला."

"लंगडा आहे, पण तुझ्या बापाला त्यानेच जेवू घातलं," माम्भेले म्हणाली. तिने नव्या हंड्यात हात फिरवला आणि बोटं हुंगली. "याला कारखान्याचं मेण फासलंय. यात असंच शिजवलंस तर पाहुणे मेण खातील. आधी जाळ ते. मग बटाट्याच्या साली उकळ, मग चरबी चोळ. आणि हे सगळं एकदा करून भागत नाही."

"म्हणजे विकत मी घ्यायचा आणि राबायचंही मीच?"

"नव्याचे नऊ दिवस, बाळा," कुंपणापलीकडून नोसाखेले ओरडली. "दहाव्या दिवसापासून घासायचं असतं!"

वुयिसिले धुरात खोकत बसला. मी त्या नव्या हंड्याकडे चोरून पाहत होतो. आतून खरखरीत होता, पण अंग सरळ, पाय तिन्ही सारखे. मला त्याचा हेवा वाटला आणि त्याहून जास्त धाक वाटला. मी तडकलेला निघालो, तर माझी जागा घेणारा दारात येऊन बसला होता.

दगडाचा दिवस उजाडला. मेंढ्या कापल्या गेल्या. गुरांच्या गोठ्यापाशी म्हातारे पुरुष घोंगड्या पांघरून बसले. घरं आणि गोठा यांच्यामधलं अंगण सुनेने ओलांडायचं नसतं. ते पूर्वजांचं अंगण. सुनेने घरांच्या मागून वळसा घालून जायचं आणि वडीलधाऱ्यांसमोर आवाज काढायचा नाही. झान्यीवे पलीकडच्या घरामागे मका धूत होती. मला अंगणाच्या अलीकडे, मोठ्या चुलीवर चढवलं होतं; जाळ अजून घालायचा होता. आखूड पायाखाली दगड सरकवला होता.

माम्भेले डाव घेऊन आली. पण त्याच वेळी बायकांनी स्तोत्र धरलं होतं, चाळीसएक कंठ आणि वर टाळ्या. तिने माझ्या काठावर टकटक केली. तिला काही ऐकू आलं नाही. मलाही नाही. तिने पुन्हा केली, मान हलवली आणि म्हणाली, "असू दे. हा कधी दगा देत नाही. मका आणा."

मित्रांनो, विचार करा. मी तडकलेला असलो, तर सगळ्या गावाचं जेवण राखेत जाणार होतं. आणि तेही दगडाच्या दिवशी! लोक म्हणाले असते, झोलिलेने अन्न नाकारलं. मग सुनेला नाव कसलं देता?

झान्यीवे घराच्या कोपऱ्यावरून हे सगळं पाहत होती. ती गप्प राहिली असती आणि मी अखंड निघालो असतो, तर कुणाला कधीच काही कळलं नसतं. घरामागून वळसा घालायला वेळ नव्हता. मक्याची बादली माझ्या काठावर टेकली होती. तेव्हा त्या पोरीने डोक्यावरचा रुमाल एका हाताने धरला आणि सरळ अंगणातून धावत सुटली, म्हाताऱ्यांच्या पुढून, गोठ्याच्या तोंडावरून.

"थांबा! ओतू नका!"

स्तोत्र जागच्या जागी थांबलं. एका म्हाताऱ्याच्या हातातला बिअरचा डबा तोंडाशीच राहिला.

"माकोटी!" वुयिसिले गरजला. "अंगणातून? अक्कल गहाण टाकलीस का?"

झान्यीवे गुडघ्यांवर बसली. "आई, मी याला सोड्याने घासला. याची सगळी कातडी काढली. मग गंजला म्हणून तापवला, आणि तुम्ही आलात म्हणून गार पाणी ओतलं. आत 'टिक' वाजलं होतं. तडा असेल, आई. मी... मी वाजवून बघायला घाबरले."

अख्ख्या अंगणात शांतता पसरली. माम्भेले एवढंच म्हणाली, "आता ऐकू येईल."

तिने डाव उचलला. मी उभा होतो, आखूड पाय दगडावर ठेवून. इतकं भय मला त्या आगीतही वाटलं नव्हतं.

ठण्ण...

आवाज अंगणावरून गेला, गोठ्यावरून गेला आणि हळूहळू विरला. झान्यीवे रडायला लागली. मला रडता येत असतं, तर मीही रडलो असतो.

मग माम्भेलेने माझ्या पोटात हात घातला. काजळी तिच्या बोटांना लागली, खालचं उघडं बीडही लागलं. तिचा चेहरा कडू झाला. "नागडा केलास गं याला. माझ्या सासूचा हात होता यावर." बराच वेळ तिचा हात तिथेच फिरत राहिला. शेवटी ती म्हणाली, "यात आज मका नाही शिजायचा, काळा पडेल. याच्यात चरबीचं मटण टाका, शेपट्या सगळ्या याच्यातच. जी चरबी सुटेल ती याला पिऊ दे. मका त्या नव्यात घाला."

तसंच झालं. दिवसभर मी चरबीत तडतडत होतो आणि शेजारी नवा हंडा मका शिजवत होता. त्याच्या तळाला मका लागला. लोक खरवडून खाताना कुरकुरले. माम्भेले म्हणाली, "नवा आहे. शिकेल." का कोण जाणे, त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटेनासा झाला. त्या दिवशी आम्ही दोघेही नवेच होतो.

जेवणं झाल्यावर सगळ्यांत वयस्कर म्हातारा, ताता गुगुले, काठी टेकत उभा राहिला. "जन्मात पहिल्यांदा सून या अंगणातून धावताना पाहिली. याला दंड हवा. आम्हां सगळ्यांना पुरेल इतकी बिअर तिने बनवावी." म्हातारे खूश होऊन हसले. "आणि माम्भेले, नाव काय देतेस?"

माम्भेले म्हणाली, "नोम्बिझा."

बिझा म्हणजे हंडा. नोम्बिझा, हंड्याची आई. नोसाखेले फिदीफिदी हसली. "अगं, जन्मभर त्या घासलेल्या भांड्याची आठवण करून देशील तिला!"

"हसू नकोस," माम्भेले म्हणाली. "भांडं खराब करणाऱ्या सुना मी पुष्कळ पाहिल्या. पूर्वजांच्या अंगणातून धावत येऊन खरं सांगणारी आजच पाहिली. आणि ऐक गं नोम्बिझा, माझे डोळे गेलेत, कानही कधीतरी जातील. आजपासून हा डाव तुझ्याकडे."

मित्रांनो, आता माझ्या अंगावर पुन्हा थोडी काळी कातडी आली आहे. पूर्वीसारखी व्हायला पुष्कळ जेवणं लागतील. तुमच्या घरातही बिडाचा तवा असेल, आजीचा असेल नाही तर बाजारातून कालच आणलेला. जुना असेल तर त्याचा काळेपणा मळ समजून घासू नका. नवा असेल तर त्याला चरबी द्या, तेल द्या आणि दमाने घ्या. तापला असताना गार पाणी ओतू नका. ओला ठेवू नका. आणि चूक झालीच, तर लपवू नका. आम्हांला गंज सोसतो, पण काजळी फासून लपवलेला गंज सोसत नाही.

मी अजूनही घाबरतो. प्रत्येक जेवणाआधी नोम्बिझा डाव उचलते, तेव्हा माझ्या मनात तोच जुना प्रश्न येतो. पण आता एक फरक पडला आहे. टकटक करण्याआधी तीसुद्धा क्षणभर श्वास रोखून धरते. मग आम्ही दोघं मिळून ऐकतो.