मास्तरांच्या छातीशी

मित्रांनो, मला टेबलावर ठेवून वाजवता येत नाही. पट्टे खांद्यावर अडकवून छातीशी धरावे लागते. मी एक जुना अ‍ॅकॉर्डियन आहे. एका बाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला बटणे आणि मधोमध घड्याघड्यांचा भाता. तो उघडला की मी श्वास घेतो, मिटला की सोडतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोटातल्या पोलादी पात्या एका चष्मेवाल्या बाईंनी गरम मेणाने एकेक करून बसवल्या. मग मी दुकानाच्या काचेआड कितीतरी दिवस बसून राहिलो. आपल्याला कोणी नेणारच नाही, या धास्तीत असतानाच दोन तरुण रोज येऊन काचेबाहेर उभे राहू लागले. शेवटी त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "घेऊन टाक बाबा. नाहीतर या काचेवर तुझ्या नाकाचा कायमचा ठसा उठेल."

ज्यांनी मला घेतले ते माझे मास्तर. बोलणारा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. तो बस चालवायचा आणि फावल्या वेळात ढोल वाजवायचा. बस चालवताना अगदी सावध, पण ढोलावर बसला की सुसाट सुटायचा. म्हणून सगळे त्याला गमतीने 'ब्रेक' म्हणत.

मास्तर लहान मुलांच्या नृत्यवर्गात साथीला होते. लाकडी जमीन, भिंतभर आरसा आणि दाराशी बुटांचा ढीग. एखाद्या मुलीचे पाऊल चुकले की मास्तर माझी लय किंचित सैल करत. तिला वाटे, आपणच सावरलो. मुलांचे आईवडील मास्तरांचे कौतुक करत, तेव्हा मास्तर माझ्यावर थाप मारत, "ह्याला सांगा." मुलांचे पोशाख मास्तरांच्या पत्नी, आमच्या बाई, शिवत. माझा पट्टा झिजला तेव्हा त्याला चामड्याचे अस्तर त्यांनीच लावले. संध्याकाळी ब्रेक ड्युटीवरून थेट यायचा, गणवेशातच ढोल घ्यायचा. तिघांची अशी निम्मी हयात गेली.

मित्रांनो, छातीशी राहणाऱ्याला छातीतले सगळे ऐकू येते. मास्तरांचे ठोके मी वर्षानुवर्षे ऐकले होते. एके दिवशी एक ठोका चुकला. मला वाटले, भास असेल. मग पुन्हा चुकला. पुढे पुढे तर मी सुरांकडे कमी आणि त्या ठोक्यांकडेच जास्त लक्ष देऊ लागलो. मास्तर मध्येच थांबत, माझा पट्टा उगाचच सारखा करत आणि पुन्हा सुरू करत. मला बोलता येत असते तर मी भर वर्गात ओरडलो असतो.

एकदा वर्ग सुटल्यावर ते बाकावर मटकन बसले. ब्रेकने पाहिले.

"काय रे, काय होतंय?"

"काही नाही. दमलो जरा."

"ओठ निळे पडलेत तुझे. चल, घरी वहिनींना सांगतो."

"अजिबात नाही," मास्तरांनी त्याचा हात धरला. "ती रडत बसेल. मुलांचा कार्यक्रम होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला. तोवर तोंड उघडायचं नाही. शप्पथ आहे तुला माझी."

कार्यक्रम झाला. मग मास्तर म्हणाले, जरा सर्दी जाऊ दे. सर्दीही गेली. आणि एका दुपारी मी माझ्या पेटीत बंद असताना स्वयंपाकघरात कप फुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ बाईंची हाक. मास्तरांचे उत्तर आले नाही.

त्यानंतर मला कोणी उघडले नाही. पेटी बाल्कनीच्या दाराशी पडून राहिली. तिथे ओल येते. पात्या गंजतील, मेण सुटेल, भात्याला बुरशी धरेल, या काळजीने माझा जीव टांगणीला लागला होता. ब्रेकही येईना. मास्तरांना शेवटचा निरोप देताना तो गर्दीच्या मागेच उभा राहिला आणि कोणाशी न बोलता निघून गेला होता.

शेवटी बाईंनीच त्याला बोलावून घेतले. तो आला, खुर्चीच्या कडेवर टेकला आणि पाण्याला हातही न लावता सगळे सांगून मोकळा झाला.

बाईंची खुर्ची सरकली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, भावजी."

"त्यानं शपथ घातली होती, वहिनी."

"शपथ पाळलीत तुम्ही. माणूस गेला." त्यांनी दार उघडले. "या आता."

त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मला वाटले, मास्तरांची आठवण जपणारी दोनच माणसे, तीही आता तुटली. माझे तर काय, भंगारच.

बरेच दिवस गेले. मग एका सकाळी बाईंनी पेटी उघडली. अस्तरावर हिरवट डाग पडले होते. त्यांनी कोरड्या फडक्याने मला पुसले, पट्टे खांद्यावर घेतले आणि भाता ओढला. माझ्यातून नुसता कण्हल्यासारखा आवाज निघाला. त्यांनी मला घाईघाईने खाली ठेवले, पदराने डोळे टिपले आणि पेटी उचलून घराबाहेर पडल्या. मी काही हलका नाही. ब्रेकच्या घराचे जिने त्या थांबत थांबत चढल्या.

त्याने दार उघडले तेव्हा त्याच्या एका गालाला साबणाचा फेस होता.

"हा बुरसायला लागलाय," बाई म्हणाल्या. "मला वाजवता येत नाही आणि नुसता बघवत नाही. तुम्ही ठेवा."

"मला तरी कुठे येतं, वहिनी? मी ढोल बडवणारा."

"शिका मग. दुसरं काय काम आहे तुम्हाला?"

ब्रेक खाली बघत म्हणाला, "राग गेला का?"

"नाही गेला. इतक्यात जाणारही नाही. पण त्यांच्याबद्दल मी बोलू कोणाशी? लहानपणचे ते तुमच्याखेरीज कोणाला माहीत आहेत?" त्या क्षणभर थांबल्या. "आणि आतल्या खोलीतून दारापर्यंत येताना तुम्हाला धाप लागली. तोंड धुवा, शर्ट घाला. आधी दवाखान्यात जायचं."

"मला काही झालेलं नाही, वहिनी."

"हे वाक्य आमच्या घरात ऐकलंय मी. चला."

तो मुकाट्याने शर्ट घालायला गेला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जपायला सांगितले. आता ब्रेक रोज मला छातीशी घेतो. वाजवतो म्हणाल तर ऐकवत नाही. शेजारची मांजरही उठून जाते. बाई आठवड्यातून एकदा येतात, समोर बसतात आणि मास्तरांच्या खोड्यांच्या गोष्टी त्याच्याकडून काढून घेतात. मधूनच त्यांचा राग उफाळतो, तेव्हा तो ऐकून घेतो. मी मात्र अजून त्याचे ठोकेच ऐकत असतो. एखादा जरा उशिरा पडला तरी माझा श्वास अडकतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य पडून असेल तर ते ओलीपासून जपा, अधूनमधून उघडा, पुसा. येत नसले तरी वाजवून बघा. आणि तुमच्या ओळखीचे कोणी चालता चालता वारंवार खाली बसत असेल आणि घरी सांगू नका म्हणत असेल, तर त्याचे ऐकू नका. घरी सांगा. तो रागावेल. रागावू द्या.