छापलेला ओरखडा

सकाळी दहाच्या ठोक्याला कंपाउंडर आला, तेव्हा सून तराजूची पारडी पुसत होती. नवरा जाऊन नऊ महिने झाले होते आणि त्या नऊ महिन्यांत पारडी पुसायची ती एक दिवसही चुकली नव्हती. हात आपले चालत राहायचे. मन कुठे असतं, हे शोधायचंच तिने सोडून दिलं होतं. लोक म्हणत, बाई मोठी धीराची. ते ऐकून तिला बरंही वाटत नसे, वाईटही वाटत नसे.

"नुसता उपचार आहे हो, वहिनी," कंपाउंडरने खिशातून मऊ कापडाची पुरचुंडी काढली. दवाखान्यात तीस वर्षं पुड्या बांधून त्याला सगळंच पुडीत बांधायची सवय लागली होती. "प्रदर्शनवाले म्हणतात, नाण्याची चिठ्ठी दोन वर्षांची जुनी झाली, ताजी आणा. अरे, म्हटलं, खाली सही कोणाची आहे ते तरी बघा! पण नाही. नवा भिडू, नवं राज्य."

सही तिच्या सासऱ्यांची होती. 'अस्सल. प्रत उत्तम.' जुन्या चांदीच्या नाण्याबद्दल मामंजी हे शब्द बोलले की पुढे कोणी विचारत नसे. घराची ही पुढची खोली, उत्तरेच्या खिडकीखालचं टेबल, भिंग, तराजू आणि नाणं वाजवून बघायची काळ्या दगडाची फरशी, एवढ्यावर त्यांनी चाळीस वर्षं आपला शब्द राखला होता. मुलाला या कामात गोडी नव्हती, म्हणून त्यांनी सुनेला शिकवलं. मुलगा गेला आणि तेही आतल्या खोलीत जाऊन बसले. "माझं मन लागत नाही. आता तूच बघ," एवढंच म्हणाले. तिला त्याचा मोठा आधार वाटला होता. आपल्याला रडू येत नाही, पण घरात कोणीतरी रीतसर दुःख करतंय.

"काकांना त्रास नको," कंपाउंडर आवाज खाली आणून म्हणाला. "तुम्हीच लिहा. पहिल्या कपाटात, मधोमध ठेवणार आहेत माझं नाणं. मी नवा कोट शिवलाय. बायको म्हणते, लग्नातसुद्धा तुम्ही एवढे नटला नव्हता."

ती हसली. हसायचं असतं, म्हणून.

नाणं तिने दोन बोटांनी काठावर धरलं. हा मामंजींचा पहिला धडा. नाण्याच्या तोंडावर बोट लावायचं नाही, माणसाच्या घामाने चांदी डागते आणि तो डाग जन्माचा. "माझ्या बायकोच्या आणि नाण्याच्या तोंडाला मी कधी लागलो नाही," असं ते म्हणायचे आणि तिचा नवरा दर वेळी नव्याने हसायचा.

वजन गुंजभरही इकडे तिकडे नव्हतं. फरशीवर वाजवलं, आवाज लांब आणि गोड. चांदी चोख. मग तिने भिंग डोळ्याला लावलं.

मुकुटवाल्या राजाच्या गालावर एक ओरखडा होता. जुन्या नाण्यावर असायचाच. त्याने फार तर प्रत एक पायरी खाली येते. पण ओरखडा पडतो तेव्हा धातू उचकटतो, दोन्ही काठांवर त्याचा बारीक वरंबा उभा राहतो. इथे वरंबा नव्हता. खाचेचा तळ आजूबाजूच्या गालाइतकाच गुळगुळीत होता. हा ओरखडा या नाण्यावर पडलेलाच नव्हता. तो दुसऱ्या कुठल्यातरी खऱ्या नाण्यावर पडला होता. त्या नाण्यावरून कोणीतरी साचा केला होता आणि राजाबरोबर ओरखडाही छापला गेला होता.

भिंगाखाली हे पोरालाही दिसलं असतं.

तिने नाणं उजेडात जरा कलवलं आणि राजाच्या मुकुटावरून खाली उतरलेला एक तपकिरी डाग दिसला. अंगठ्याचा ठसा. बारीक वळ्या, आणि त्यांच्या मधून गेलेली एक आडवी रेघ. भिंगाची काच फुटून मामंजींच्या अंगठ्यावर राहिलेली ती खूण तिला चांगली ठाऊक होती.

"काय, वहिनी? उत्तमच ना?"

"चार वाजता या," ती म्हणाली. "नीट बघून सांगते."

"बघा, बघा. काकांची सून आहात. घाई काय आहे!"

तो गेल्यावर ती थोडा वेळ खुर्चीवरच बसून राहिली. 'खोटं' लिहिलं, तर मामंजींचा शब्द गेला. एक चिठ्ठी चुकली म्हटल्यावर लोक सगळ्याच चिठ्ठ्या हातात घेऊन येतील. 'अस्सल' लिहिलं, तर कोणालाच काही कळणार नाही. प्रदर्शनात काचेआडून ओरखड्याचा तळ कोण बघतंय? तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आपण लांबून दुसऱ्याच कोणाचंतरी काम बघतोय, एवढंच वाटलं. ती नाणं घेऊन आत गेली.

मामंजी पलंगाच्या कडेला बसले होते, खिडकीकडे तोंड करून.

"कंपाउंडर होता ना? आवाजावरून ओळखला. दवाखान्यात कुजबुजतो आणि बाहेर सगळी कसर भरून काढतो."

"त्याचं मुकुटवालं नाणं आलंय, मामंजी. तुम्ही उत्तम लिहिलेलं."

"मग आहेच उत्तम. वाजवलंस?"

"वाजवलं."

"आवाज कसा?"

"आवाज खरा आहे. चांदीही खरी आहे. छाप खोटी आहे."

"वा! मीच शिकवलं आणि मलाच शिकवायला निघालीस?"

तिने नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. "गालावर ओरखडा आहे, मामंजी. तो कसा आहे, एवढं सांगा."

त्यांनी नाणं खिडकीच्या उजेडाकडे नेलं. डोळे मात्र नाण्यावर नव्हते, थोडे पलीकडे कुठेतरी होते. मग सावकाश, चोरपावलांनी जावा तसा, त्यांचा अंगठा राजाच्या तोंडावर गेला. कपाळ, नाक, गाल. तिथे तो थांबला.

"आहे. डोळ्याच्या खाली," ते म्हणाले.

अंगठा राजाच्या गालावरच राहिला.

"उजेड-अंधार कळतो," ते म्हणाले. "माणूस आलं की सावली हलते. राजा नाही दिसत."

"कधीपासून?"

"हे नाणं आलं त्याच्याही आधीपासून. वाटलं, वजन आहे, आवाज आहे, चाळीस वर्षांची बोटं आहेत. निभेल. मग पोरगा गेला. मी आत येऊन बसलो. सगळे म्हणाले, मुलाच्या दुःखाने बसला म्हातारा." त्यांनी नाणं तिच्या दिशेने पुढे केलं, ते जरा डावीकडे गेलं. "मी म्हणू दिलं. तूही तेच समजलीस."

तिने नाणं घेतलं, काठावर धरून. नऊ महिने जे दुःख घरात आहे म्हणून तिने धीर धरला होता, त्यातलं खरं किती, हे विचारावंसं तिला वाटलं. पण विचारून हाताला काय लागणार होतं? "दुःख नव्हतं असं नाही," तेच म्हणाले. ती हं म्हणाली.

चार वाजता कंपाउंडर आला तो नवी पुडी बांधायला कापड घेऊनच. तिने त्याला बसवलं, भिंग हातात दिलं आणि खाच दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला.

"पण काका उत्तम म्हणाले होते," तो लहान मुलासारखा म्हणाला. "वहिनी, तुमची काही चूक होत असेल. राग मानू नका, पण काका ते काका. सरड्याची धाव कुंपणापर्यंत."

आतून भिंतीला धरत मामंजी दारापर्यंत आले. "चूक माझी आहे रे. तिची नाही. मला दिसत नव्हतं आणि मी लिहिलं."

कंपाउंडरने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. नाण्याची पुडी नेहमीसारखीच व्यवस्थित बांधून तो उठला. दारात थांबून म्हणाला, "काका, निदान मला तरी सांगायचं होतंत. आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर बसतात. दर गुरुवारी." आणि गेला.

मामंजी चाचपडत टेबलाजवळच्या खुर्चीवर बसले.

"अडीच वर्षांतल्या माझ्या चिठ्ठ्यांच्या नकला खणात आहेत?"

"आहेत."

"मग कागद घे. प्रत्येकाला एकेक पत्र. लिही. माझी नजर अडीच वर्षांपूर्वीच गेली. त्यानंतर मी दिलेली चिठ्ठी रद्द समजावी. नाणं घेऊन यावं. माझी सून बघून सांगेल."

"लोक काय म्हणतील, मामंजी?"

"म्हणू देत. लिहिलंस?"

"लिहिलं."

"सही कुठे करू? बोट ठेव."

तिने त्यांचा हात धरून पेनाचं टोक कागदावर टेकवलं. हात गरम होता, हे तिला कळलं, एखादं वजन कळावं तसं. त्यांनी सही केली. शेवटचं अक्षर कागदाबाहेर, टेबलावर उतरलं. तिने पत्राची घडी घातली आणि पुढचा कागद घेतला.